पुढच्या शिफ्टची सही

५ जानेवारी २०२६, सोमवार

एका व्हेंडरने नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी येते आणि दरवर्षी आमची विजयश्री तिच्यात रांगोळीचे ठिपके काढून ठेवते. यंदा मी बायकोला नाही म्हणालो आणि डायरी स्वतःकडे ठेवली. जे करायचं मनात आहे ते घरात सांगण्यासारखं नाही, कंपनीत तर मुळीच नाही.

पहिल्या पानावरचे छापील रकाने भरले. नाव ज्योतीराम, वय चौपन्न, राहणार मोशी, मूळ गाव औशाजवळ. नोकरी महाळुंगे, क्वालिटी विभाग, एकतीस वर्षं. ‘अपघात झाल्यास कोणास कळवावे’ यापुढे मुलाचं, ज्ञानेशचं नाव लिहिलं. मग वाटलं, कळवून उपयोग काय, तो माझ्याशी बोलतच नाही.

आमच्या कंपनीच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा फलक आहे. घरात ‘बोलण्याविना दिवस’ असा फलक लावला तर त्यावर आज एकशे सहा आकडा येईल. २१ सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी, ज्ञानेशच्या खोलीतून मोठ्याने ओरडण्याचा आणि धाडधाड आवाज आला. कारखान्यात नियम आहे की कुणी ओरडलं तर आधी मशीन बंद करायचं, कारण नंतर विचारायचं. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. पोराला काही झालं नव्हतं. तो कसल्याशा मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन स्पर्धेत अंतिम सामना खेळत होता, चौसष्ट जणांमधून वर आला होता आणि एक फेरी जिंकली की पहिला नंबर होता. लाइट गेल्यामुळे तो हरला असं धरलं. मी म्हणालो, गेमच तर होता. त्या तीन शब्दांनंतर त्याने तोंडाला कुलूप लावलं. दिवाळीचं उटणंसुद्धा आईमार्फत मागितलं.

आता त्याची हैदराबादला बदली झाली आहे. १ फेब्रुवारीला निघणार. तो जायच्या आत माझ्याशी एक शब्द बोलावा, एवढंच मला पाहिजे. म्हणून मी ठरवलं आहे की तो गेम शिकायचा आणि त्याला म्हणायचं, चल, एक सामना होऊन जाऊ दे.

६ जानेवारी, मंगळवार

आमच्या मापन विभागातली आम्रपाली असले गेम खेळते असं ऐकलं होतं. कँटीनमध्ये तिला गाठलं आणि माझ्या एका भाच्याला शिकायचं आहे असं सांगितलं. तिने भाच्याचं वय विचारलं. मी चौपन्न असं बोलून गेलो.

तिने हसू दाबलं आणि टिश्यूवर लिहून दिलं. एकच लढवय्या निवडायचा आणि महिनाभर त्याला सोडायचं नाही. बटणं बडवायची नाहीत. उगाच उड्या मारायच्या नाहीत. मारण्याआधी मार अडवायला शिकायचं. गेममध्ये सरावाची खोली असते, तिथे एक डमी नुसता उभा असतो, त्याच्यावर हात बसवायचा. शेवटी म्हणाली, “आणि सर, भाच्याला सांगा, पहिले शंभर सामने हरणारच. ते मोजायचे नाहीत.”

मोजायचे नाहीत, हे एका क्वालिटीच्या माणसाला सांगणं म्हणजे कमाल आहे.

७ जानेवारी, बुधवार

माझी पहिली पाळी, साडेसहा ते तीन. चाकण चौकातल्या ट्रॅफिकने कृपा केली तर चारला घरी. ज्ञानेश हिंजवडीहून नऊच्या आधी येत नाही. म्हणजे रोज पाच तास खोली मोकळी, त्यातले दोन सरावाचे.

विजयश्रीला सांगितलं की खिडकीच्या जाळीचं माप घ्यायचं आहे. ती बरं म्हणाली.

मी पहिलवान निवडला. दाढीवाला, पोट सुटलेला, लंगोटासारखं काहीतरी घातलेला. गावच्या तालमीत मी लहानपणी दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे माणूस ओळखीचा वाटला. समोर कॉम्प्युटरने एक वेणीवाली मुलगी आणली. एवढीशी पोर, तिच्यावर हात कसा उचलायचा म्हणून मी थांबलो. तिने अकरा सेकंदांत पहिलवानाला झोपवला.

एकूण सामने नऊ. हरलो नऊ.

८ जानेवारी, गुरुवार

आज सुट्टी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि ज्ञानेशला शनिवार-रविवारची. एका घरात राहून आम्हा बापलेकांना एका दिवशी सुट्टी मिळत नाही. सहा वर्षं हे असंच चाललं आहे आणि इतके दिवस मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

सव्वीस सामने खेळलो आणि सव्वीसही रिजेक्ट. कंपनीतून असा लॉट गेला असता तर कस्टमरने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला असता.

खेळताना मी पूर्ण अंगाने डावी-उजवीकडे झुकतो असं विजयश्रीने दारातून सांगितलं. जाळीचं माप अजून चालू आहे का, असंही विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ज्ञानेशला सांगायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने लगेच कबूल केलं, इतकं लगेच ती कधीच कबूल करत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

शनिवार-रविवार ज्ञानेश घरी, सराव बंद.

आज कंपनीतून एक जुनं कोरं लॉगबुक आणलं. आमच्याकडे पाळी संपली की अडचणी लॉगबुकात लिहून जायचं असतं. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचतो, दुरुस्ती करतो, काय केलं ते लिहितो आणि सही करतो. एकतीस वर्षांची सवय आहे, लिहिल्याशिवाय मला जागेवरून उठवत नाही. आजची नोंद: ‘समोरचा उडी मारून येतो आणि डोक्यात मारतो. थांबवता येत नाही.’ शेवटचा रकाना ‘पुढच्या शिफ्टची सही’ अर्थातच रिकामा. वही गेमच्या खोक्याखाली सरकवून ठेवली, तिथे कुणाच्या नजरेस पडणार नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

अजब प्रकार. मशीन चालू केलं तर थेट सरावाची खोलीच उघडली. आणि जो डमी नुसता उभा असायचा, तो आज एकसारखा उड्या मारून माझ्या डोक्यावर येत होता. दुसरं काही नाही, फक्त उड्या. मी वेड्यासारखा मार खात होतो. मग पहिलवानाचा एक वर उगारलेला कोपर आहे असं सापडलं. तो वेळेवर मारला की उडी मारणारा हवेतच गार होतो. दहात एकदा जमतं.

म्हणजे या मशीनला माणसाची कमजोरी कळते. आपण कुठे कमी पडतो ते हेरून तेच पुढ्यात आणतं. आपल्या कंपनीत कोट्यवधींची मशीनं आहेत, पण एकालाही एवढी अक्कल नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रात्रीच्या जेवणाआधी ज्ञानेशने आईला तिळगूळ दिला, नमस्कार केला आणि जे म्हणायचं असतं ते म्हटलं. मग माझ्याकडे वळला, माझ्या तळहातावर एक वडी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. म्हणायचं ते मात्र म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. वडी चांगली झाली होती.

आज बोलण्याविना दिवस एकशे पंधरा.

१५ जानेवारी, गुरुवार

आज चाळीस सामने. दोन जिंकलो. दोन्ही वेळा कॉम्प्युटर सर्वांत सोप्या पातळीवर होता, तरी ओरडलो. अडतीस रिजेक्टचं वर्गीकरण केलं: पायात मार बसला सोळा, उडी मारून डोक्यात मार बसला अकरा, मी घाईने मारायला गेलो आणि आधी त्याचाच बसला आठ, फोन आला दोन, विजयश्रीने चहा आणला एक. लॉगबुकात लिहिलं: ‘पायात मारतो. मुख्य कारण.’

१६ जानेवारी, शुक्रवार

डमी आज खाली बसून फक्त पायात मारत होता. मी नुसता बघत राहिलो.

बसून मागची कळ दाबून धरली की पायातला मार अडतो. दीड तास फक्त अडवलं, एकही ठोसा मारला नाही. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण तेवढा आला नाही.

कँटीनमध्ये आम्रपालीला मशीनचा हा गुण सांगितला. ती म्हणाली, “सर, असं कुठलाच गेम...” आणि मध्येच थांबली. तो गेम कुणाचा आहे, घरात आणखी कोण असतं, असं काहीबाही विचारलं. मी सांगितलं की मुलाचा आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही आणि त्याला यातलं काही माहीत नाही. ती चहाच्या कपात बघत म्हणाली की हो, नवीन व्हर्जन असेल. तरुण पोरांनाही सगळं ठाऊक नसतं.

१९ जानेवारी, सोमवार

शुक्रवारी वहीत सहज लिहिलं होतं की पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत, चष्मा कपाळावर घ्यावा लागतो. आज अक्षरं दुप्पट मोठी. अपडेट आलं असणार.

कंट्रोलरची बॅटरीही नावाजण्यासारखी आहे. दोन आठवड्यांत एकदाही संपली नाही, रोज पूर्ण भरलेली दिसते. खुर्चीवर एक उशीही आली आहे. ती विजयश्रीने ठेवली असं मी धरून चाललो होतो, पण ती म्हणते की तिने नाही.

२० जानेवारी, मंगळवार

उजव्या हाताचा अंगठा सुजला. कंपनीत सुरक्षा अधिकाऱ्याच्या लक्षात आलं आणि त्याने फॉर्म पुढे केला: दुखापत कशी झाली, कुठल्या मशीनवर, संरक्षक साधन वापरलं होतं का. मी घरचं दार लागलं असं लिहिलं. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा फॉर्ममध्ये खोटं लिहिलं.

२२ जानेवारी, गुरुवार

आता कॉम्प्युटरच्या मधल्या पातळीला तीनात एकदा हरवतो. विजयश्री हातातली भाजी घेऊन शेजारी येऊन बसली. ती शेंगा निवडत होती आणि मधूनच म्हणत होती की आता अडवा, आता अडवा. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

मग तिने विचारलं, “अहो, तुम्हाला त्याच्याशी खेळायचंय का बोलायचंय?”

मी म्हणालो, “बोलायला विषय तर पाहिजे.”

“विषय तुम्हाला चांगला ठाऊक आहे. चार महिने झाले, त्याच्या भोवतीनं फिरताय नुसतं.”

मी चहा मागितला. तिने स्वतःच करून घ्या म्हणून सांगितलं.

२६ जानेवारी, सोमवार

प्रजासत्ताक दिन. कंपनीत झेंडावंदन करून दहाला घरी. ज्ञानेशलाही सुट्टी, खोलीचं दार बंद. पाणी प्यायला उठलो तर आतून माझ्या पहिलवानाचा हुंकार ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. ज्ञानेश कायम वेणीवाली घेऊन खेळतो, मशीनवर त्याच्या नावापुढे तीच दिसते, मग हा पहिलवान कशाला? बराच वेळ तोच कोपर, तोच कोपर चालू होता. एकच एक खेळून माणसाला कंटाळा येत असेल.

दार वाजवावं असं वाटलं होतं. हात वर गेलासुद्धा. पण म्हणायचं काय, हे ठरलं नव्हतं, म्हणून पाण्याचा ग्लास घेऊन परत आलो. सहा दिवस उरले.

२९ जानेवारी, गुरुवार

आज सुट्टी होती, पण खेळात मन लागेना. मधल्या पातळीवर एकसारखा हरायला लागलो. शेवटी कंट्रोलर बाजूला ठेवला आणि लॉगबुक उघडून, रिजेक्शन आलं की आम्ही जसं पाच वेळा ‘का’ विचारतो, तसं विचारायला बसलो.

का हरतो? मार अडवत नाही म्हणून. का अडवत नाही? त्याआधीच बटण दाबतो म्हणून. का दाबतो? समोरचा काय करतो आहे ते शेवटपर्यंत बघायला धीर नाही म्हणून. का नाही? काहीतरी विपरीत होईल आणि आपण काही केलं नाही असं होईल, ही धास्ती.

पाचव्या ‘का’साठी पेन टेकवलं आणि नजर ज्ञानेशच्या खोलीच्या दारावर गेली. मग हॉलमध्ये जाऊन पावलं मोजली. त्या दिवशी मी सोफ्यावर बसलो होतो. सोफ्यापासून या दारापर्यंत चार पावलं. सोफ्यापासून मेन स्विचपर्यंत अकरा. दार उघडून ‘काय झालं रे’ विचारणं जवळ पडलं असतं.

लॉगबुकात रीतसर नोंद केली. ‘दि. २१ सप्टेंबर. अडचण: मुलाचा अंतिम सामना बंद पडला. कारण: मी न विचारता मेन स्विच पाडला. त्यानंतर गेमच तर होता असं म्हणालो, ते स्विच पाडण्यापेक्षा वाईट होतं. चूक पूर्णपणे माझी. तात्पुरता उपाय: नाही. कायमचा उपाय: आधी दार वाजवणे.’ खाली माझी सही.

कुणी वाचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. लिहिल्यावर बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज मशीनने काहीच केलं नाही. डमी उड्या मारत नव्हता, पायात मारत नव्हता, नुसता माझ्याकडे तोंड करून उभा होता. बिघाड असेल. वहीसुद्धा खोक्याखाली उलटी पडलेली होती, झाडताना सरकली असेल.

उद्याची रजा टाकली. एकतीस वर्षांत मी शनिवारची रजा घेतलेली नाही. कारणाच्या रकान्यात ‘मुलगा घरी असतो’ असं लिहिलं. साहेबांनी वर बघितलं, पण विचारलं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी अडीच वाजता ज्ञानेश खोलीत बॅग भरत होता. दार उघडंच होतं, तरी मी वाजवलं. त्याने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हातातला शर्ट खाली ठेवला. मी विचारलं की एक सामना खेळायचा का. त्याने उशीवाली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मशीन चालू केलं. मला गेम खेळता येतो याचं त्याला जराही नवल वाटलं नाही. मनातून मी थोडा हिरमुसलो.

नऊ सामने हरलो. त्याची वेणीवाली माझ्या पहिलवानाला अंगाला हातही लावू देत नव्हती. माझ्या अंगात तेच, बटणं बडवणं. विजयश्री दारात उभी होती, तिने हळूच म्हटलं, बघा आधी.

दहाव्या सामन्यात मी बटणांवरून बोट उचललं आणि नुसता अडवत राहिलो. पायात मारलं, अडवलं. छातीवर मारलं, अडवलं. मग वेणीवालीने उडी मारली. मी बघितलं, पूर्ण वर जाऊ दिली आणि कोपर मारला. ती आडवी झाली. ज्ञानेशच्या ओठाचा कोपरा हलला. पुन्हा उडी, पुन्हा कोपर. आता माझी ताकद तिच्यापेक्षा जास्त होती, एक ठोसा बसला असता तर फेरी माझी.

आणि लाइट गेली.

पडदा काळा, पंखा थांबला. माझे दोन्ही हात कंट्रोलरसकट आपोआप वर गेले आणि तोंडातून गावाकडचं निघालं, “आरं, म्या न्हाई हात लावला. हितंच बसलोय बघ मी.”

ज्ञानेशने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. हसत हसत खुर्चीवरून खाली फरशीवर बसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, “पप्पा, माहितीये. अख्ख्या मोशीची गेलीये.”

एकशे बत्तीस दिवस.

मग मी ते म्हणालो. अजून थोडं थांबलो असतो तर जमलं नसतं. म्हणालो, “ज्ञानेश, त्या दिवशी माझं चुकलं. स्विचचंही आणि नंतर बोललो त्याचंही. तुझ्यासाठी तो नुसता गेम नव्हता.”

तो खाली बघत म्हणाला, “हो. कळलं मला. मीपण एवढं ताणायला नको होतं.” कधी कळलं, हे मी विचारलं नाही.

लाइट दीड तासाने आली. तोवर त्याने मला तो अंतिम सामना पहिल्यापासून सांगितला, फेरीवार, हातवारे करून. मी मध्ये एकदाही बोललो नाही. विजयश्रीने चिवड्याचा डबा आणला आणि आमच्या मध्ये फरशीवर बसली. लाइट आल्यावर मशीन परत चालू करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो: वीज गेली तेव्हा माझी ताकद जास्त होती. सामन्याचा निकाल नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी त्याला वाकडला बसमध्ये बसवून आलो. मशीन मी दाराशी नेऊन ठेवलं होतं, पण त्याने ते परत आत नेलं. म्हणाला, “हे राहू दे इथं. मी तिकडं दुसरं घेईन. ऑनलाइन खेळता येतं, पप्पा. लॉगबुक लिहीत जा.”

बस पुलाखालून वळून गेली तरी मी उभा होतो. लॉगबुकाचं याला कसं ठाऊक, हे डोक्यात येईपर्यंत भोसरी आली होती.

घरी येऊन खोक्याखालून वही काढली. माझ्या प्रत्येक नोंदीपुढे, बारा तारखेपासून, त्याचं बारीक अक्षर आणि सही. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, काल रात्री बसून केल्या असतील. ‘उडी मारून डोक्यात मारतो’ यापुढे लिहिलं आहे, डमीला उड्या लावल्या. ‘पायात मारतो’ यापुढे, डमीला खाली बसवला. अक्षरं बारीक यापुढे, मोठी केली, उशीपण ठेवली. सव्वीस तारखेला माझी नोंद नव्हतीच, तिथे त्याने स्वतःची ओळ घातली आहे: पहिलवानाचा कोपर आधी स्वतः शिकून घेतला, अवघड आहे.

एकोणतीस तारखेच्या नोंदीपुढे, ‘काय केलं’ या रकान्यात, दोनच शब्द आहेत. ‘वाट बघितली.’ खाली सही.

मी त्या खुर्चीवर बसून रडलो, हेही इथे लिहून ठेवतो. विजयश्री आली, तिने वही बघितली आणि ती चहा ठेवायला गेली. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

उद्या कँटीनमध्ये आम्रपालीला सांगायला पाहिजे की ते मशीन आपोआप काही शिकत नाही. ती बिचारी अजून नवीन व्हर्जन समजून बसली असेल.